सहीसाठी घाई केली नाही: नागपूरच्या धंतोलीतल्या फुफ्फुस-क्लिनिकचा सव्वा वर्षाचा अनुभव

ज्यांना थोडक्यात हवं आहे त्यांच्यासाठी आधीच सांगते. डॉक्टर, फिजिओ आणि ट्रायलचं, म्हणजे रुग्णांवर उपचार ताडून पाहणाऱ्या अभ्यासाचं, काम पाहणाऱ्या को-ऑर्डिनेटर बाई, तिघांनाही पाचपैकी पाच. बिलाच्या खिडकीला दोन. सुट्टीच्या दिवशीच्या फोनला एकही गुण नाही. मला दोनदा गरज पडली आणि दोन्ही वेळा कोणी उचलला नाही.

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. तिथला अभ्यास अजून सुरू आहे, नवे रुग्ण घेणं चालू आहे, आणि मी खाली तक्रारीही लिहिल्या आहेत. पण आयसीयूतून बाहेर आलेलं माणूस घरात असेल, किंवा "ट्रायलमध्ये येता का" असं कुठेही कोणी विचारलं असेल, तर हे वाचा.

मी नागपूर जीपीओतून निवृत्त झाले. 33 वर्षांच्या नोकरीतली बरीच वर्षं रजिस्टर पत्रांच्या खिडकीवर गेली. सहीशिवाय पत्र हातातून सोडायचं नाही, आणि समोरच्याला आपण कशावर सही करून राहिलो हे कळत नसेल तर आधी समजावून सांगायचं, हे अंगात मुरलेलं. म्हणून कोणत्याही दवाखान्यात माझी पहिली नजर तिथे जाते: सही कशी घेतात?

डिसेंबर 2023 मध्ये मला न्यूमोनिया झाला. तीन दिवसांत दोन्ही फुफ्फुसं भरली. डॉक्टरांनी मुलाला सांगितलं, एआरडीएस आहे, म्हणजे सुजून पाणी भरलेली फुफ्फुसं रक्ताला पुरेसा ऑक्सिजन देऊ शकत नाहीत. 19 दिवस आयसीयू, त्यातले 12 दिवस व्हेंटिलेटर. त्या दिवसांतलं खरं मला काहीच आठवत नाही. जे आठवतं ते खोटं, पण अगदी लख्ख आठवतं. मी रात्रीच्या मेल गाडीच्या आरएमएस, म्हणजे टपाल वाटणीच्या, डब्यात उभी आहे, सॉर्टिंगचे खण भरून वाहून राहिले आहेत, आणि हातात येणाऱ्या एकाही पत्रावर पत्ता नाही. घरी आल्यावरही कित्येक रात्री मी त्याच डब्यात जागी होत असे.

घरी आले तेव्हा वजन नऊ किलोने उतरलं होतं. पाण्याचा लोटा दोन हातांनी धरावा लागे. सक्करदऱ्यातल्या आमच्या घराला अकरा पायऱ्या आहेत. मुलगा आणि नातू दोघं धरून वर नेत. भाजीवाल्याचे सुटे पैसे मोजताना मधेच आकडा हरवायचा. आयुष्यभर मनीऑर्डरी मोजलेल्या बाईचा! रिपोर्ट सुधारला म्हणून सगळे आनंदात होते आणि मला वाटत होतं, माझं मन कच्चं म्हणून मीच उठत नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये सून मला याच रुग्णालयाच्या मंगळवारच्या क्लिनिकमध्ये घेऊन गेली. आयसीयूतून घरी गेलेल्यांना सहा आठवड्यांनी तिथे बोलावतात. पहिल्या भेटीला डॉक्टरांनी पाऊण तास दिला. झोप, भीती, हिशेब, हातांची ताकद, सगळं विचारलं. मग म्हणाले, "काकू, याला नाव आहे. पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम, आयसीयूनंतर अंगात, मनात आणि विचारात उरणारा त्रास. अमेरिकेतल्या आयसीयूच्या डॉक्टरांनी 2010 मध्ये बैठक घेऊन ते ठरवलं, कारण रुग्ण जगतात आणि नंतर कोणी विचारत नाही हे त्यांच्या लक्षात आलं." त्या खुर्चीत मी रडले. सुनेने पाठीवर हात ठेवला, डॉक्टर गप्प बसून राहिले. पुढच्या रुग्णाची फाइल त्यांनी उघडली नाही. मी दिलेल्या पाच गुणांतले दोन त्या शांततेचे आहेत.

घरातल्या कूलरचीही त्यांनी बारीक चौकशी केली. गवताच्या ताट्या कधी बदलल्या, टाकीतलं पाणी किती दिवसांचं, खिडकीत कबुतरं बसतात का. मला वाटलं, नागपूरच्या बाईला कूलरचं काय विचारायचं! मग त्यांनी सांगितलं की भारतातल्या 19 शहरांतल्या 1084 रुग्णांची नोंदवही 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. फुफ्फुसाच्या जाळीच्या, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्यांमधल्या पडद्याच्या, आजारांत सगळ्यात जास्त, 47 टक्क्यांच्या वर, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस निघाला. म्हणजे श्वासातून जाणाऱ्या बुरशीने, पक्ष्यांच्या पिसा-विष्ठेने होणारा. आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्या लोकांच्या बाबतीत कूलरचा संबंध दिसला. माझा आजार तो नव्हता. तरी त्या उन्हाळ्यात आम्ही ताट्या नव्या घातल्या, आणि टाकी दर रविवारी रिकामी करून घासायची हे काम नातवाकडे दिलं.

आता आयसीयूतल्या वहीबद्दल, कारण या सेवेतली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट तीच. आयसीयूत रुग्ण बेशुद्ध असताना तिथल्या सिस्टर घरच्यांना साधी दोनशे पानी वही देतात. रोज काय झालं ते घरच्यांनी आणि सिस्टरांनीही लिहायचं. माणूस शुद्धीवर आलं, तयार झालं, की हातात द्यायची. सुनेने माझी वही भरली होती, पण मार्चपर्यंत मी ती उघडली नव्हती. फिजिओने विचारलं, "वाचायची का आपण दोघी?" आणि दोन मंगळवार व्यायामानंतर ती माझ्याजवळ बसली.

चौथ्या दिवसाच्या पानावर सुनेचं अक्षर: "आज सिस्टरने टेप आणून आईंची उंची मोजली. झोपलेल्या माणसाची उंची कशाला?"

मी फिजिओला तेच विचारलं. ती म्हणाली, मशीन एका वेळी किती हवा आत ढकलणार ते उंचीवरून ठरतं. वजनावरून नाही, कारण माणूस जाड झालं म्हणून फुफ्फुस मोठं होत नाही. पूर्वी भरपूर हवा देत. मग अमेरिकेत 861 रुग्णांवर ट्रायल झाली, 2000 साली छापून आली. निम्म्यांना उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनाच्या दर किलोमागे 12 मिलिलीटर हवा, निम्म्यांना 6. जास्त हवेच्या गटात शंभरातले जवळपास 40 गेले, कमी हवेच्या गटात 31. ताणून फुगवलेलं फुफ्फुस आणखी फाटत होतं. चांगलं म्हणून जे चाललं होतं तेच नुकसान करत होतं, आणि मोजल्याशिवाय ते कोणाला दिसलं नव्हतं.

सातव्या दिवशी लिहिलंय: "आईंना पालथं केलं. सहा जण लागले. चेहरा सुजला आहे, ओळखू येत नाहीत." माझ्या उजव्या गालफडावर त्याचा बारीक डाग अजून आहे. त्यामागेही ट्रायल. 2013 ची, फ्रान्समधली 26 आणि स्पेनमधलं एक आयसीयू मिळून 466 रुग्ण. दिवसातले निदान सोळा तास पालथं ठेवलेल्या गटात 28 दिवसांत 16 टक्के दगावले. उताणं ठेवलेल्यांत जवळपास 33.

हे ऐकून मी घरी आले आणि त्या रात्री झोप लागली नाही, पण भीतीने नव्हे. ती 861 माणसं माझ्यासारखीच बेशुद्ध असणार. त्यांच्या वतीने कोणाच्या तरी सुनेने, कोणाच्या नवऱ्याने कागदावर सही केली असणार. आपलं माणूस कोणत्या गटात पडेल हे माहीत नसताना. त्या सह्यांवर सक्करदऱ्यातली एक बाई चोवीस वर्षांनी श्वास घेऊन राहिली आहे.

तरीही मला पहिली ट्रायल विचारली तेव्हा मी नाही म्हटलं. हे मुद्दाम लिहिते.

ती औषधाची होती. फुफ्फुसावर राहिलेल्या चट्ट्यांसाठी एक गोळी, आणि निम्म्या लोकांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. को-ऑर्डिनेटर बाईंनी मराठी संमतीपत्र दिलं आणि म्हणाल्या, "आज सही घेणार नाही. घरी न्या, वाचा, शनिवारपर्यंत प्रश्न लिहून ठेवा." चार दिवस. माझ्या मनात खिडकीतली बाई जागी होती, तिला हे पटलं. भारताच्या 2019 च्या क्लिनिकल ट्रायल नियमांप्रमाणे काय काय मिळतं तेही त्यांनी बोट ठेवून दाखवलं. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट, नुकसानभरपाई वेगळी, कधीही बाहेर पडायची मुभा, आणि शंका असेल तर थेट एथिक्स कमिटीला, म्हणजे ट्रायलमधल्या रुग्णांचं हित पाहणाऱ्या समितीला, फोन. मुलाने सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदणीत क्रमांक टाकून पाहिला. 2009 च्या जूनपासून तिथे नोंद केल्याशिवाय ट्रायल सुरू करता येत नाही. नोंद होती.

मुलाचा आक्षेप वेगळा होता. आजारी माणसाला बिनऔषधाची गोळी द्यायची म्हणजे फसवणूकच, असं तो म्हणाला. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी आयपीएफ नावाच्या, फुफ्फुसात चट्टे वाढत जाण्याच्या आजाराची गोष्ट सांगितली. तिथे वर्षानुवर्षं तीन औषधं एकत्र देत: प्रेडनिसोन, अझाथायोप्रिन, एन-ॲसिटिलसिस्टीन. जगभरचे नावाजलेले डॉक्टर देत. शेवटी ती बिनऔषधी गोळीशी ताडून पाहिली, तर तीन औषधांच्या 77 जणांत आठ मृत्यू आणि नुसत्या गोळीच्या 78 जणांत एक. तो भाग मधेच थांबवावा लागला. 2012 ची गोष्ट. "नुसती गोळी घेणारे त्या वेळी जास्त सुरक्षित होते," डॉक्टर म्हणाले. मुलगा गप्प झाला, मीही.

पण त्या ट्रायलमध्ये दुर्बिणीची नळी पुन्हा दोनदा घशातून घालायची होती. व्हेंटिलेटरच्या नळीनंतर माझ्या घशाला नुसत्या दात घासायच्या ब्रशनेही कापरं भरायचं. शनिवारी मी सांगितलं, जमणार नाही. रजिस्टर पत्र कोणी घेतलं नाही तर पोस्टमन त्यावर "घेण्यास नकार" असा शेरा मारायचा, आणि नकार देणाऱ्यावर त्याने डोळे वटारायचे नसत. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. बाईंनी फाइलमध्ये लिहिलं, "बरं काकू," म्हणाल्या, आणि मंगळवारची व्यायामाची वेळ तीच ठेवली. डॉक्टरांचं बोलणं तसूभर बदललं नाही. ट्रायल घेणाऱ्या ठिकाणाची खरी परीक्षा मला इथे वाटते. हो म्हणणाऱ्याशी सगळेच गोड बोलतात.

एप्रिलमध्ये दुसरी विचारली, तिला मी हो म्हटलं. ही व्यायामाची. आयसीयूतून बाहेर आलेल्यांनी आठ आठवडे केंद्रात येऊन व्यायाम करायचा की घरी, फिजिओच्या फोनवरच्या देखरेखीखाली? कोणी कुठे जायचं ते बंद लिफाफ्याने ठरणार. संमतीपत्रात त्याला "यादृच्छिकीकरण" लिहिलं होतं. हा शब्द वाचून अर्ध्या नागपूरची सही घाबरून होईल. बाईंनी तोंडी "चिठ्ठी टाकल्यासारखं" म्हटलं, तेच छापायला हवं. क्रमांक टाकलेला जाड कागदाचा लिफाफा माझ्यासमोर फोडला. मी सवयीने आधी तो उजेडाकडे धरून पाहिला. आतलं काही दिसत नव्हतं. नीट बंद केलेला होता, चिकटपट्टीवर सही होती. मनातून मला केंद्र हवं होतं. निघालं घर.

फिजिओला मी विचारलं, तुला काय वाटतं, कोणतं बरं? ती म्हणाली, माहीत असतं तर लिफाफा कशाला लागला असता काकू. आणि तिने आपल्याच पेशातलं उदाहरण दिलं. 2009 मध्ये अमेरिकेत 104 रुग्णांवर पाहिलं, व्हेंटिलेटरवर असतानाच हातपाय हलवायला लावले तर घरी जाताना 59 टक्के लोक आपलं आपण करू शकले; उशिरा सुरू केलेल्यांत 35. सगळ्यांना वाटलं, मग आणखी लवकर, आणखी जास्त. 2022 मध्ये 750 रुग्णांवर तसं करून पाहिलं तर फायदा निघाला नाही, उलट ठोके बिघडणं, ऑक्सिजन उतरणं असे त्रास जास्त झाले. स्वतःच्या व्यायामाबद्दल इतकं सरळ सांगणारी फिजिओ मला आवडली.

घरचा व्यायाम असा. खुर्चीची पाठ भिंतीला टेकवून तिच्यातून उठबस, दहा-दहाच्या तीन फेऱ्या. अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या दोन हातांत. रबरी पट्टा खिडकीच्या गजाला बांधून ओढायचा. आणि चालणं. बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, 88 च्या खाली गेला की थांबायचं. दम किती लागला त्याला शून्य ते दहा आकडा द्यायचा, तीन-चारच्या आसपास ठेवायचा. मे महिन्यात मी पहाटे साडेपाचला गच्चीवर चालायचे. नवतपा लागल्यावर पाचला. जूनमध्ये पाऊस पडला तशी रेशीमबागच्या मैदानाकडे गेले, आधी सून सोबत, मग एकटी. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी दहाला फिजिओचा फोन, आठ आठवड्यांत एकदाही चुकला नाही. एका गुरुवारी मी व्यायाम न करता "केला" म्हटलं. ती थोडं थांबून म्हणाली, "नाही केला तर नाही लिहा काकू, दोन्हीचा मला उपयोग आहे." त्यानंतर मी खोटं लिहिलं नाही.

मोजमाप करणारे गृहस्थ वेगळे, आणि त्यांना माझा गट माहीत नसतो. प्रत्येक वेळी सुरुवातीलाच सांगतात, "घरी की इथे, ते मला सांगू नका." मग तीस मीटरच्या पॅसेजमध्ये दोन टोकांना नारिंगी शंकू ठेवून सहा मिनिटं चालायचं. फेब्रुवारीत मी 160 मीटर चालले होते, मधे दोनदा भिंत धरून. एप्रिलमध्ये 228. आठ आठवड्यांनंतर 331. सहा महिन्यांनी 374. टोरंटोच्या डॉक्टरांनी 2003 मध्ये एआरडीएसमधून वाचलेल्या 109 जणांचा अभ्यास छापला होता. वर्षानंतर त्यांची फुफ्फुसं बरीच सावरली होती, पण चालण्याचं अंतर अपेक्षेच्या दोन तृतीयांशच होतं, कारण स्नायू भरून आले नव्हते. हे फिजिओने आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून 374 वर मी हिरमुसले नाही.

आता तक्रारी. तो तीस मीटरचा पॅसेज लिफ्टसमोर आहे. माझ्या दुसऱ्या चाचणीत मधेच स्ट्रेचर आलं, मला थांबावं लागलं आणि घड्याळ चालू राहिलं. मी बोलले तेव्हा त्यांनी चाचणी अर्ध्या तासाने पुन्हा घेतली, पण मी बोलले नसते तर? जो आकडा पुढे हजारो लोकांच्या उपचाराला आधार व्हायचा, तो घेताना वाट मोकळी हवी.

बिलाच्या खिडकीवर ट्रायलमधल्या फुंकायच्या चाचणीचे 900 रुपये माझ्याकडून घेतले. संमतीपत्रात ती फुकट लिहिलेली. मी प्रत काढून दाखवली तर "वरून विचारून सांगतो." पैसे परत आले, पण तीन आठवड्यांनी. ऑटोचं भाडं मिळायला दोन महिने लागले. जाताना-येताना मिळून अडीचशे रुपये, कोणाला थोडे वाटतील. पण माझ्याशेजारी काटोलकडून येणारे एक काकाजी बसायचे, पोराचा रोज बुडवून, एसटीने. त्यांना दोन महिने थांबा म्हणणं बरोबर नाही. मी हे लेखी दिलं आहे, एथिक्स कमिटीलाही एक प्रत. सात दिवसांत उत्तर आलं की आता भाडं त्याच दिवशी रोख देणार. मागच्या भेटीला खरोखर तसं मिळालं.

फोनचं मात्र तसंच आहे. कागदावर "24 तास" छापलेला नंबर. एका रविवारी माझा ऑक्सिजन 86 दाखवत होता, तो नंबर वाजून वाजून बंद झाला. दिवाळीत पुन्हा तेच. शेवटी मुलगा गाडी काढून कॅज्युअल्टीत घेऊन गेला. निघताना कॅज्युअल्टीचा सरळ नंबर मागून घ्या, तो उचलतात.

मंगळवारी जाणार असाल तर साडेनऊच्या आत पोचा. मागच्या दाराचा उतार चढायला सोपा आहे, पुढचा नाही. आयसीयूची वही मिळाली असेल तर सोबत न्या. मिळाली नसेल तर घरच्यांना आठवतं तोवर एखाद्या वहीत तारखेनिशी लिहून घ्या, फिजिओ तीही वाचते.

माझी शेवटची मोजणी नोव्हेंबरमध्ये झाली. निकालाला अजून वेळ आहे, सगळ्यांची मोजमापं झाल्याशिवाय लिफाफ्यांचा हिशेब लागत नाही. निकाल आला की कळवतो, असं बाई म्हणाल्या. मी तिकीट लावलेला, स्वतःच्या हाताने पत्ता लिहिलेला लिफाफा त्यांच्याकडे देऊन आले. त्यांनी तो माझ्या फाइलला आतून टाचला.